शस्त्र घरात, शत्रू कोठे?

शस्त्र स्वतः पाप करीत नाही, पाप करते ते माणसाचे मन. तेव्हा मन ताब्यात असेल तर घरात शस्त्र असले म्हणून काय बिघडले? पंचशील घेतलेल्या घरांतील तरुण मुले हा प्रश्न विचारतात, आणि तो टाकाऊ नाही. पहिल्या शीलाचा अर्थ 'मारू नये' एवढाच घ्यावयाचा, की मारण्याचे साधन हाताशी बाळगण्याविषयीही त्यात काही येते, याचा विचार ज्याचा त्याने केला पाहिजे. या वादात एका देशाचे नाव हटकून घेतले जाते. स्वित्झर्लंडात घरोघर बंदूक आहे आणि तरीही तो देश शांत आहे, असे सांगितले जाते. ऐकीव गोष्टीवर निवाडा देऊ नये, ती तपासून पाहावी, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. म्हणून त्या देशाची हकीकत नीट पाहू.

स्वित्झर्लंडात कायमचे पगारी सैन्य फार थोडे आहे. शेतकरी, शिक्षक, सुतार, बँकेतील कारकून हेच तेथील सैनिक. वयात आलेल्या प्रत्येक स्विस पुरुषावर सैनिकी सेवेचे बंधन आहे. तो काही महिने शिक्षण घेतो, मग आपल्या धंद्यावर परत जातो आणि पुढे काही वर्षे ठरावीक आठवड्यांसाठी बोलावणे आले की हजर होतो. मधल्या काळात त्याचा गणवेश आणि त्याची रायफल त्याच्या घरी असते. हे आजकालचे नाही. १८७४ च्या राज्यघटनेतच शस्त्र सैनिकाच्या हाती राहील, त्याच्या अटी कायदा ठरवील, असे लिहिले होते. रायफल बाळगणाऱ्या सैनिकाला ठरलेली नेमबाजीही करावी लागते; तीनशे मीटरवरच्या निशाणावर गोळ्या झाडून आपला हात अजून चालतो हे दाखवावे लागते. गावोगाव त्यासाठी मैदाने आहेत. 'फेल्डशीसेन' नावाचा नेमबाजीचा उत्सव दरवर्षी भरतो, त्यात लाखाहून अधिक माणसे भाग घेतात. झुरिक शहरात सप्टेंबरात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांची मोठी स्पर्धा असते. तिचे नावच 'क्नाबेनशीसेन', म्हणजे मुलग्यांची नेमबाजी. मुलींना तीत १९९१ पासून घेतले जाते.

या सगळ्याच्या मागे विल्यम टेलची कथा उभी आहे. आल्टडॉर्फ गावात परक्या राजाचा अधिकारी गेसलर याने खांबावर आपली टोपी टांगली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तिला मुजरा करावा असे फर्मान काढले. टेलने मुजरा केला नाही. शिक्षा म्हणून त्याच्याच मुलाच्या डोक्यावर सफरचंद ठेवून त्यावर बाण मारावयास लावले. बाण नेमका लागला. दुसरा बाण कशासाठी काढून ठेवला होता असे विचारल्यावर, मुलाला काही झाले असते तर तो तुझ्यासाठी होता, असे टेलने गेसलरला सांगितले. टेल नावाचा माणूस खरोखर होऊन गेला याला इतिहासकारांना पुरावा सापडलेला नाही. ही कथा लिखित स्वरूपात प्रथम १४७० च्या सुमारास आढळते. तरी स्विस माणसाच्या मनात ती पक्की आहे. टोपीपुढे न वाकणारा माणूस कोणालाही आवडेल, आणि वाकण्याची सक्ती ज्यांच्या वाडवडिलांनी सोसली त्या आपल्याला तर विशेषच. पण या कथेतला पहिला बाण जुलमी अधिकाऱ्यावर सुटलेला नाही. तो घरच्या लेकराच्या दिशेने सुटला आहे. ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

स्विस पद्धतीत आपल्याला ओढून घेणारे काहीतरी आहे हे नाकारण्याचे कारण नाही. शस्त्र एका वर्णाच्या हाती आणि इतरांचे हात रिकामे, ही व्यवस्था आपण भोगलेली आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये हेच दाखवून दिले की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र धरू दिले नाही आणि त्यामुळे त्यांना बंड करता आले नाही. ज्या देशात शेतकऱ्याच्या कपाटातली रायफल आणि बँकेच्या मालकाच्या कपाटातली रायफल एकाच कारखान्याची आहे, तेथे निदान ही विषमता नाही, असे आपल्या मनात येते.

परंतु शस्त्राला नागरिकत्वाची खूण केले की ज्याच्या हाती शस्त्र नाही तो नागरिक नाही, हेही ओघाने येते. आप्पेनत्सेल इनररोडेन या लहानशा कॅन्टनमध्ये, म्हणजे तेथल्या प्रांतात, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळे मतदार चौकात जमून हात वर करून मत देतात. पुरुष कमरेला तलवार किंवा संगीन लावून येतो. तीच त्याची मतदार म्हणून ओळख. स्त्रियांच्या कमरेला तलवार नव्हती आणि मतही नव्हते. देशपातळीवर स्विस स्त्रियांना मताधिकार मिळाला तोच मुळी ७ फेब्रुवारी १९७१ च्या मतदानाने. आपल्या देशातील स्त्रीने १९५२ मध्येच मत दिले होते हे येथे आठवावे. आप्पेनत्सेलच्या पुरुषांनी तर एप्रिल १९९० मध्येही हात वर करून स्त्रियांना नकार दिला. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला आणि १९९१ साली स्त्रिया त्या चौकात मतदार म्हणून उभ्या राहिल्या. त्या मतदानाचे कार्ड दाखवून आत येतात. पुरुषाला आजही तलवार पुरते.

आता कायद्याकडे वळू. 'तेथे कोणीही बंदूक बाळगतो' असे सांगणारे अर्धीच गोष्ट सांगतात. १९९९ पर्यंत प्रत्येक कॅन्टनचे नियम वेगळे होते. त्या वर्षी १ जानेवारीपासून सर्व देशाला एक शस्त्र कायदा लागू झाला. पिस्तूल किंवा अर्धस्वयंचलित बंदूक घ्यावयाची तर कॅन्टनकडून खरेदीचा परवाना घ्यावा लागतो. अर्जदार अठरा वर्षांचा हवा, गंभीर गुन्ह्यांची नोंद नसावी, स्वतःला किंवा दुसऱ्याला त्याच्यापासून धोका आहे असे वाटण्याजोगे काही नसावे. विकत घेणे वेगळे आणि भरलेले शस्त्र रस्त्यावर घेऊन फिरणे वेगळे. फिरण्यासाठी दुसरा परवाना लागतो, खरोखरचा धोका दाखवावा लागतो, परीक्षाही द्यावी लागते. तो परवाना फार थोड्यांना मिळतो. आगगाडीत खांद्याला रायफल लावलेला तरुण दिसतो तो सेवेवर किंवा नेमबाजीला निघालेला असतो, आणि ती रायफल रिकामी असते. सेवा संपल्यावर रायफल ठेवून घ्यावयाची असेल तर परवाना काढावा लागतो, आणि एकामागून एक गोळ्या सुटण्याची तिची सोय काढून टाकली जाते. म्हणजे तेथे शस्त्र हा जन्मसिद्ध हक्क म्हणून मिळत नाही. ते कर्तव्याबरोबर येते आणि नियमांनी बांधलेले असते. शेजाऱ्यावर, परक्यावर ते फारसे चालत नाही, याचे श्रेय या बांधणीला दिले पाहिजे.

मग ते चालते कोणावर?

२७ सप्टेंबर २००१ रोजी त्सुग कॅन्टनच्या विधानसभेत शिरून एका माणसाने चौदा जणांना ठार मारले आणि स्वतःवर गोळी झाडली. त्याचा सरकारी खात्यावर राग होता. हे जगभर छापून आले. पण २००६ सालच्या एप्रिलमध्ये घडलेल्या एका घटनेने स्विस लोक अधिक हादरले. कोरिन रे-बेले ही बर्फावरच्या शर्यतींत जगात नाव मिळविलेली खेळाडू. तिला आणि तिच्या भावाला तिच्या नवऱ्याने ठार केले, तिच्या आईला जखमी केले आणि मग स्वतःलाही संपविले. तिला दिवस गेलेले होते. नवरा सैन्यात अधिकारी होता आणि पिस्तूल सैन्याचे होते. देशाच्या रक्षणासाठी घरात ठेवलेले हत्यार घरातल्या बाईवर चालले. तेव्हापासून स्विस स्त्रियांनी विचारावयास सुरुवात केली की, कपाटातल्या या शस्त्राचा शत्रू नेमका कोण? २००७ च्या नोव्हेंबरात, सैनिकी शिक्षण संपवून नुकत्याच परतलेल्या एका तरुणाने झुरिकमध्ये बसची वाट पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला गोळी घालून मारले. तो तिला ओळखतही नव्हता.

पूर्वी रायफलीबरोबर काडतुसांचा एक मोहोरबंद डबाही घरी दिला जात असे. मोहोर तुटलेली आहे की नाही हे तपासले जाई. २००७ मध्ये संसदेने हा डबा परत घेण्याचे ठरविले आणि पुढील काही वर्षांत बहुतेक डबे गोळा झाले. युद्ध आले तर शिपाई वाटेतच लढत लढत छावणीत पोहोचेल, या कल्पनेवर तो डबा उभा होता. ती कल्पना केव्हाच जुनी झाली होती.

खरी गोष्ट मात्र याहून शांतपणे घडत होती आणि तिची वर्तमानपत्रांत बातमीही होत नव्हती. बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी सर्वांत मोठा भाग तेथे आत्महत्यांचा आहे. २००४ मध्ये सैन्याची फेररचना झाली. सैनिकांची संख्या निम्म्यावर आली, सेवेतून मोकळे होण्याचे वय खाली आले, त्यामुळे लाखो घरांतून रायफली सरकारकडे परत गेल्या. हे लोकांचे प्राण वाचविण्यासाठी केलेले नव्हते; पैसा आणि युद्धनीती यांचा तो हिशेब होता. पण काही स्विस डॉक्टरांनी पुढे आकडे तपासले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. अठरा ते त्रेचाळीस वर्षांच्या पुरुषांत, म्हणजे ज्यांच्या घरातून शस्त्र गेले त्या वयात, आत्महत्या कमी झाल्या होत्या. त्याच वयाच्या स्त्रियांत आणि त्याहून मोठ्या पुरुषांत तसा फरक दिसला नाही.

'ज्याला मरावयाचे तो दुसरा मार्ग शोधतोच' असे आपल्याकडेही म्हणतात. त्या अभ्यासात असे आढळले की, बंदुकीने होणाऱ्या जेवढ्या आत्महत्या कमी झाल्या त्यांपैकी सुमारे बावीस टक्केच दुसऱ्या मार्गाकडे वळल्या. बाकीची माणसे जगली. त्यांना कोणी उपदेश केला नव्हता, त्यांचे दुःखही कोणी दूर केले नव्हते. एका काळ्या रात्री जी वस्तू हाताशी असती ती नव्हती, एवढेच.

येथे आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. बुद्धांची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केले. म्हणून देशरक्षणासाठी शस्त्र धरणारा बौद्ध शिपाई शीलभ्रष्ट आहे असे कोणी म्हणू नये. पण कपाटातल्या रायफलीपाशी इच्छाही नसते आणि गरजही नसते. महिनोन्‌महिने तेथे काहीच नसते. मग एखाद्या दिवशी क्रोध येतो, मत्सर येतो, नाही तर जगणे नकोसे होते, आणि तो क्षण घटकाभराचा असतो. 'मन ताब्यात असेल तर' ही अट घालणारा तरुण आपले मन नेहमीच ताब्यात राहील असे धरून चालतो. बुद्धांनी अप्रमादावर, सावधपणावर एवढा भर दिला तो माणूस बेसावध होतो हे ठाऊक असल्यामुळेच. शिवाय त्यांनी उपासकाला जे धंदे वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. शस्त्र विकणारा स्वतः कोणाला मारीत नाही, मारावे अशी त्याची इच्छाही नसेल. तरी तो धंदा नको म्हटले. याचा अर्थ साधनाचाही हिशेब धम्मात धरलेला आहे.

शस्त्र मुळीच हाती घेणार नाही असे म्हणणाऱ्या स्विस तरुणाचे काय होत असे, हेही सांगितले पाहिजे. त्याला तुरुंगात घालीत. दुसरी लोकसेवा करू देण्याची मागणी १९७७ आणि १९८४ च्या मतदानात फेटाळली गेली. मध्यंतरी, १९८९ मध्ये, सैन्यच बरखास्त करावे या प्रस्तावाला ३५.६ टक्के मते पडली आणि राज्यकर्ते चकित झाले. १९९२ मध्ये लोकांनी लोकसेवेला मान्यता दिली, १९९६ मध्ये कायदा आला. सुरुवातीला तरुणाने चौकशी समितीपुढे बसून आपल्या सदसद्‌विवेकाची साक्ष द्यावयाची असे. दुसऱ्याचा विवेक असा कोण मोजणार? २००९ पासून ती चौकशी बंद झाली. आता तो सैनिकी सेवेच्या दीडपट दिवस रुग्णालयात, वृद्धाश्रमात किंवा जंगलात काम करतो, आणि ते दिवस हीच त्याची साक्ष मानतात.

सैन्याची शस्त्रे घरातून काढून शस्त्रागारात ठेवावीत, हा प्रस्ताव १३ फेब्रुवारी २०११ रोजी मतदानास आला. ५६.३ टक्के लोकांनी तो नाकारला. २०१९ मध्ये मात्र युरोपातील कडक नियम स्वीकारण्यास ६३.७ टक्के लोकांनी होकार दिला. म्हणजे तो समाज अजून ठरवितो आहे. रायफल घरी नेण्याची पद्धत चालू आहे, पण २०१० पासून एक सोय झालेली आहे. ज्या सैनिकाला ती घरात नको असेल त्याने ती शस्त्रागारात नेऊन ठेवावी. त्याला पैसे पडत नाहीत आणि कारण सांगावे लागत नाही.