गाणं कोणाला उद्देशून?

चरित्रपट आला की आपल्याकडे एकच तपासणी सुरू होते: माणसाचे दोष दाखवले का? दाखवले तर दिग्दर्शक धीट, झाकले तर भाट. ‘बालगंधर्व’ असो की ‘महाराष्ट्र शाहीर’, चर्चा बहुतेक इथेच घुटमळली. नायजेरियाचे दिग्दर्शक तुंडे केलानी यांचा ‘आयिन्ला’ (2021) पाहताना या तपासणीचा फोलपणा फार जाणवतो.

अबेओकुटा शहरातला, अपाला या योरुबा संगीतप्रकाराचा गायक आयिन्ला ओमोवुरा हा चित्रपटाचा नायक. लातीफ अदेदिमेजी यांनी तो ताकदीने उभा केला आहे. तापट, भांडखोर, बायकांच्या मागे लागणारा. सगळं समोर मांडलेलं. 6 मे 1980 रोजी बारमध्ये, मोटरसायकलीवरून पेटलेल्या भांडणात, पूर्वीच्या व्यवस्थापकाच्या हातून झालेला मृत्यूही आहे. म्हणजे परीक्षेत पैकीच्या पैकी गुण. तरी चित्रपट अपुरा वाटतो, तो का?

वेशभूषेत आणि जुन्या मोटारींत चुका शोधणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. गतकाळाच्या उमाळ्याने भारावलेल्यांशी तर नाहीच. वाद आहे तो ‘दोष म्हणजेच सत्य’ मानणाऱ्यांशी. दारू, बायका, व्यवस्थापकाशी बिनसणं हे कुठल्याही गावच्या गायकाला चिकटवता येतं. नावं बदला, ही गोष्ट मुंबईतही घडेल. जे दुसरीकडे नेता येत नाही ते अपालात आहे, आणि दोषांची यादी कितीही लांबवली तरी ते तिच्यात सापडणार नाही.

योरुबा भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. बोलका ढोल काखेत धरून, दोऱ्या आवळत-सैल करत वादक तेच चढउतार काढतो. जाणकार श्रोत्याला त्यातून वाक्यं ऐकू येतात. आयिन्लाच्या शेजारचा अदेवोले ओनिलुओला हा नुसता साथीदार नव्हताच, तो दुसरा वक्ता होता. गाण्यात समोर बसलेल्या यजमानाचं नाव येतं, त्याच्या घराण्याची थोरवी येते, आणि यजमान उठून गायकाच्या कपाळाला नोटा चिकटवतो. प्रतिस्पर्ध्याला टोमणे बसतात. 1973 मध्ये पौंड जाऊन नायरा आला, जनगणना झाली; आयिन्लाने त्यावरही गाणी केली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तापट माणूस कळल्याशिवाय त्याची टोचणारी गाणी कळणार कशी? हे अर्धंच खरं आहे, कदाचित अर्ध्याहूनही कमी. तिथल्या गायकांत एकमेकांना गाण्यातून डिवचणं ही रीतच होती. या डिवचण्यात गायकाचा स्वभाव शोधणं म्हणजे कलगी-तुऱ्याचा सामना ऐकून दोन फडांत शेताच्या बांधावरून तंटा असावा असं अनुमान काढणं. आयिन्ला तापट होताच, नाकारत कोण आहे? पण तो राग बारमध्ये एका माणसावर निघतो तेव्हा ती त्याच्या आयुष्यातली घटना. भर मैफलीत, ढोलाच्या साक्षीने, नाव घेऊन निघतो तेव्हा ती अपालातली घटना. गायकाचं आयुष्य सांगणं वेगळं आणि त्याचं गाणं कोणाला उद्देशून होतं हे दाखवणं वेगळं. पहिलं काम चित्रपट चोख करतो. दुसऱ्याला हात घालतो न घालतो तोच पुन्हा नायकाच्या भानगडींकडे वळतो. गाण्याचे प्रसंग रंगतात, पण ज्याच्यासाठी गाणं चाललंय तो गर्दीत विरून जातो.

हे केलानींच्या हातून व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. अबेओकुटात वाढलेले, योरुबा समाज आतून जाणणारे हे दिग्दर्शक. 1999 च्या ‘सावोरोइदे’मध्ये त्यांनी राजाचा गादीवरचा हक्कच ढोलाशी बांधला होता. तिथे ढोल कथेचा कणा होता, इथे तो नायकाच्या मागे वाजतो.

लंडनचा दौरा या चित्रपटात मोठं स्वप्न म्हणून येतो, कीर्तीची पुढची पायरी. असेलही. पण तिथेही आयिन्लासमोर मुख्यतः योरुबा माणसंच बसली असती, आणि गाणं सुरू करण्यापूर्वी त्यांची नावं नि कुळं कोणाकडून तरी विचारून घ्यावी लागली असती.