ढाल कोणाच्या हाती?

शिरोळ तालुक्यातल्या जयसिंगपूरला राजर्षी शाहूंनी आपल्या जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. शाहू मूळचे कागलचे यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, १८९४मध्ये राज्याभिषेक झाला. तरीही १८९९मध्ये पंचगंगेवर पुरोहिताने त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायचं नाकारलं. गादी मिळाली, मुकुट मिळाला, पण ‘तुमचा अधिकार काय?’ हा सवाल छत्रपतींनाही चुकला नाही.

अमेरिकन कॉमिक्समधल्या सॅम विल्सनपुढे हाच सवाल उभा राहिला. हार्लेमच्या वस्तीतला हा कृष्णवर्णीय तरुण १९६९मध्ये ‘फाल्कन’ म्हणून अवतरला. २०१४मध्ये मूळच्या कॅप्टन अमेरिकाने, म्हाताऱ्या झालेल्या स्टीव्ह रॉजर्सने, त्याच्या हाती आपली ढाल दिली आणि सॅम नवा कॅप्टन अमेरिका झाला. स्टीव्हला ताकद देणारं औषध सॅमच्या अंगात नाही. जे काही करायचं ते साध्या माणसाच्या बळावर. पुढच्या कथांमध्ये लोक त्याच्याकडे ढाल परत मागतात. पडद्यावर तर २०२१च्या मालिकेत सॅम ती ढाल आपण होऊन संग्रहालयाला देतो आणि सरकार ती उचलून एका गोऱ्या सैनिकाला देऊन टाकतं.

या वारशाची खरी जखम मात्र २००३च्या ‘ट्रुथ’ या कॉमिकमध्ये उघडी पडते. रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी सांगितलं, की स्टीव्हचं औषध पुन्हा बनवण्यासाठी लष्कराने शेकडो कृष्णवर्णीय सैनिकांवर प्रयोग केले. त्यातून वाचलेला आयझाया ब्रॅडली हाच गणवेश घालून लढला, आणि बक्षीस म्हणून तुरुंगात गेला. ही कल्पना हवेतून आलेली नाही. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी शेकडो कृष्णवर्णीयांचा उपदंश उपचाराविना वाढू दिला, केवळ निरीक्षणासाठी. सॅमच्या आधीही ढाल एका काळ्या हातात होती. इतिहासाने तो हात पुसून टाकला होता. म्हणून ‘पहिला कृष्णवर्णीय कॅप्टन’ असा सॅमचा गौरव वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

आता शिरोळच्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यातलं माणगाव पाहा. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी सापडला, अशा आशयाचं जाहीरपणे बोलले. हा प्रसंग ‘राजाने नेतृत्व बहाल केलं’ असा सांगण्याची सवय आहे. ती चुकीची वाटते. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते, तेही हार्लेमच्या अगदी लगत. ‘मूकनायक’ त्यांनी ३१ जानेवारीलाच सुरू केलं होतं, त्याला शाहूंनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. अधिकार त्यांचा होताच. शाहूंनी तो ओळखला, आणि आपल्या अधिकारावर शंका घेतली गेल्याचा अनुभव असलेल्या माणसाने भर सभेत त्याची साक्ष दिली, हे त्यांचं मोठेपण. स्टीव्हने ढाल दिली, तेव्हा ती त्याची स्वतःची होती. माणगावात शाहूंनी असं काहीच दिलं नाही, जे आधी त्यांच्या मालकीचं होतं.

पुढे १९४६मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. भारतातल्या अस्पृश्यांनीही तीच वाट धरावी, असा त्यांचा विचार होता. डु बॉइस यांनी उत्तर दिलं.

१९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाचं नाव उचललं आणि दलित पँथर उभी केली. हे नाव त्यांना कोणी समारंभाने दिलं नव्हतं, आणि ते परत मागण्याची हिंमतही कोणाची झाली नाही.