रंजन आणि भवभंजन

स्वारगेट या नावात स्वर नाही, स्वार आहे. घोडेस्वारांच्या चौकीची आठवण त्या नावाने जपली आहे, आणि सातारा-कोल्हापूरकडे निघणाऱ्या गाड्या, 29 सप्टेंबर 2024 पासून येथवर भूमीखालून येऊ लागलेली मेट्रो व जेधे चौकातला अहोरात्र कोलाहल पाहता, नादाच्या उपासनेचा प्रश्न या मुलखात कोणाला सुचेल असे सहसा वाटणार नाही. तथापि या चौकाजवळच मुकुंदनगरात, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडांगणावर, 2018 पासून सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरू लागला, आणि तेथल्या मंडपात डिसेंबरच्या थंडीत सहस्रावधी माणसे तासन्‌तास बसून असतात, तेव्हा ती उपासना करीत असतात की करमणूक, हा प्रश्न मला दरवर्षी नव्याने पडतो.

चौकाच्या दुसऱ्या अंगाला, पर्वतीच्या पायथ्याशी, नानासाहेब पेशव्यांनी खोदविलेल्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. तेथल्या तळ्यातल्या गणपतीपुढे हात जोडणाऱ्याला आपण काय करीत आहोत याविषयी संदेह नसतो. मंडपातल्या श्रोत्याने मात्र तिकीट काढलेले असते, आणि त्याच्या ऐकण्याला उपासना म्हणण्यावरील आक्षेपाचे मूळ नेमके येथे आहे. कारण जेथे कीर्तन करावे तेथे अन्नही घेऊ नये, अशी तुकोबांची सक्त ताकीद आहे, आणि जी भूमी वारकऱ्यांची, त्या भूमीत हा आक्षेप क्षुल्लक मानून पुढे जाता येत नाही.

मला उत्तराची दिशा सापडली ती शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी असलेला हा पुरुष राज्याच्या जमाखर्चाचे दफ्तर सांभाळणारा अधिकारी होता. हिशेबाची सवय असलेल्या माणसाने मोक्षाचा विचारही किती काटेकोरपणे केला आहे, हे पाहून आदर दुणावतो. अनाहत नाद योग्याला मुक्ती देतो, परंतु त्यात रंजकता नसल्यामुळे सामान्यांचे चित्त त्यात रमत नाही. आहत नाद, म्हणजे कंठातून व तंतूंतून प्रत्यक्ष उमटणारा, लोकांचे रंजनही करतो आणि भवाचे भंजनही करतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. ही दोन फळे त्याने एकाच नादाच्या पदरात घातली, यातच त्याची थोरवी. आपण मात्र रंजनाला बाजारात आणि मुक्तीला मठात धाडून मोकळे झालो. चित्त रमल्यावाचून ते 'मी'च्या खुंटीवरून सुटणार कसे?

शिवाय हा महोत्सव जन्मला तो मुळी स्मरणाच्या पोटी. रामभाऊ कुंदगोळकर, अर्थात सवाई गंधर्व, 1952 साली निवर्तले, आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशी यांनी गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त हा परिपाठ सुरू केला. आपल्याकडे ऋण फेडण्याचे मार्ग पिंडाचे व तर्पणाचे सांगितले आहेत; एका शिष्याने ते ख्यालाने फेडण्याची वहिवाट पाडली, आणि 2011 मध्ये त्या शिष्याचेही देहावसान झाल्यावर त्याचे नाव गुरूच्या नावाशेजारी जोडले गेले. तिकिटाच्या पैशाने मंडप उभा राहतो, स्मरण नव्हे. तुकोबांचा निषेध हरिनामाचा विक्रय करणाऱ्या लोभाला होता, असे मी समजतो. तो लोभ मंडपात शिरला, तर तो निषेध येथेही तितकाच लागू आहे.

पूर्वी बैठक रात्रभर चाले आणि पहाटेचे राग पहाटेच कानी पडत. ध्वनिनियमांचा अंमल आल्यापासून ते सुख गेले. नियम न्याय्य आहे, पण हानी हानीच आहे, कारण ललत रागाला त्याची वेळ नाकारणे म्हणजे पूजेला तिचा मुहूर्त नाकारण्यासारखेच आहे.

मग भवभंजन होते ते किती? 'माझी जागा' या दोन शब्दांत भवाचा आरंभ असतो, अशी माझी धारणा आहे. भारतीय बैठकीत दुपारी शिरताना सतरंजीच्या वीतभर तुकड्यावरून कुरबुर करणारे गृहस्थ, विलंबित ख्याल चढत गेला आणि आलापाने षड्ज गाठला की, मागे उभ्या राहिलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला न बोलता सरकून जागा देताना मी पाहिले आहेत. त्यांनी हे केले हे त्यांच्याही ध्यानात नसते. आणि तेच गृहस्थ रात्री स्वारगेटच्या स्थानकात, गाडी फलाटाला लागताच, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरताना दिसले, हेही तितकेच खरे. पहिले दृश्य दुसऱ्यामुळे खोटे ठरत नाही. काव्यशास्त्रकार विश्वनाथाने रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटले, तद्रूप म्हटले नाही. भाऊ घरी येतो, चार घटका बसतो, आणि जाताना आपल्या मोठ्या भावाचा पत्ता सांगून जातो. म्हणून मी त्या गृहस्थांच्या शेजारी उभा राहिलो, आणि साताऱ्याची गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघांनी, त्या रात्रीचा तो षड्ज नेमका कोठे लागला होता, एवढेच बोलणे केले.