घरातले पाच संगणक

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत माळ्यावरचे सामान खाली उतरवले, तेव्हा सौभाग्यवतींनी सहज विचारले, "आपण माणसं दोन आणि कॉम्प्युटर पाच, हे कसं?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून गेला नाही. तीस वर्षे मुलांना निबंधात 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' लिहायला लावणाऱ्या माणसाला तो टोचणारच.

पाचही घरात आले ते आपापल्या कारणाने. पहिला १९९८ साली कर्ज काढून घेतलेला, फुगीर पाठीच्या मॉनिटरचा. दुसरा २००७ चा. तिसरा लॅपटॉप मुलाचा. बारावीला चांगले गुण मिळाले म्हणून मध्य प्रदेश शासनाकडून मिळालेल्या पंचवीस हजारांत घेतलेला. चौथाही त्याचाच, नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा इथेच ठेवून गेला. पाचवा माझा, २०२० च्या टाळेबंदीतला. यातला एकही हौसेखातर घेतला नव्हता. संग्रह बहुधा असाच होतो. प्रत्येक वस्तूला कारण असते, ढिगाला मात्र कारण नसते.

अपरिग्रह हा शब्द आपल्याला नवा नाही. पतंजलींच्या पाच यमांत तो आहे, जैनांच्या पाच महाव्रतांत आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली, त्यांत त्यांनी अपरिग्रहाची सांगड अस्तेयाशी घातली. आज ज्याची गरज नाही ते साठवणे ही एक प्रकारची चोरीच, असा त्याचा आशय. वाचताना पटते; पण मनातला वकील लगेच उभा राहतो. धान्य साठवले तर दुसऱ्याचा घास जातो, माळ्यावरच्या संगणकाने कोणाचे काय जाते?

याचे उत्तर मला पुस्तकाआधी शाळेत मिळाले होते. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि अभ्यास फोनवर आला. संत्र्याच्या बागेत मजुरी करणाऱ्या एका घरातली मुलगी दहावीत होती. फोन एकच, तोही वडिलांबरोबर बागेत जायचा. मी तिच्या घरी दोनदा जाऊन आलो, धीर दिला, छापील प्रश्न दिले. त्या वेळी माझ्या घरात दोन लॅपटॉप नुसते पडून होते. द्यावेत असे मनात आले नाही असे नाही. पण आत मुलाचे फोटो आहेत, बँकेचे कागद आहेत, आधी ते काढायला हवेत, मग बघू, असे म्हणत वर्ष गेले. २०२१ मध्ये आमच्या मंडळाची दहावीची परीक्षा झालीच नाही. सगळे उत्तीर्ण झाले, तीही झाली. अकरावीत तिने गणित सोडले. एका लॅपटॉपने तिचे गणित टिकलेच असते असे मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी माझ्या माळ्यावर जे होते ते माझे नव्हते, एवढे मला कळते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी २००४ साली हिशेब मांडला होता. मॉनिटरसह एक संगणक तयार करायला किमान २४० किलो इंधन, २२ किलो रसायने आणि दीड हजार किलो पाणी लागते. संगणक आयुष्यभरात जी ऊर्जा खातो, तिचा फार मोठा भाग तो आपल्या घरी येण्याआधीच खर्च झालेला असतो. म्हणजे 'जुने टाकून एकच चांगला नवा घेऊ' हा अपरिग्रह नव्हे. जुना चालेल तितका चालवणे आणि नव्याचा मोह टाळणे, हे त्याच्या अधिक जवळचे. विंडोज १० ला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून यंत्र मरत नाही. त्यावर लिनक्स टाकता येते, तेही फुकट.

मग मी हिशेबाला बसलो. माझा एक लॅपटॉप ठेवायचा. २००७ चा पुतण्याच्या दुकानात बिलांसाठी कामी आला. मुलाचे दोन द्यायचे ठरले. पण आई म्हणायची, "आपल्याले नको झालं म्हून दुसऱ्याले देऊ नये रे बाबू, आपण वापरलं असतं तेच द्यावं." म्हणून त्या दोन्हींवर मी स्वतः महिनाभर काम केले. एकाची बॅटरी बदलली, दुसऱ्याची कळफलकपट्टी. मग ते शाळेच्या वाचनालयात ठेवले. मुले रजिस्टरवर सही करून घरी नेतात.

अडलो तो पहिल्यापाशी. १९९८-९९ मध्ये आईने सांगितलेली भुलाबाईची सत्तेचाळीस गाणी मी त्यावर उतरवून घेतली होती. आई २००९ मध्ये गेली. तो काळ फाँटचा. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मागे एकदा दोन पाने बाजारातून पुन्हा टाइप करून आणली, तर हिंदीच्या सरावाने प्रत्येक 'ळ' चा 'ल' झालेला. त्यात टाइप करणाऱ्याचा काय दोष? १९५६ च्या पुनर्रचनेनंतर आमची दोन्ही गावे मध्य प्रदेशातच राहिली, २०२३ मध्ये मिळून पांढुर्णा जिल्हा झाली. कचेरीची भाषा हिंदी, घरातली मराठी. आमचा 'ळ' आम्हीच सांभाळायचा आहे. म्हणून वाटे, हे यंत्र टाकले तर आई दुसऱ्यांदा जाईल.

शेवटी एका माजी विद्यार्थ्याने हार्ड डिस्क काढून जोडतारेने लॅपटॉपला लावली. फाँट मिळाला, मजकूर युनिकोडमध्ये आला. रफार आणि जोडाक्षरे मात्र विस्कटलेली. ती कागदे घेऊन मी सौंसरला मावशीकडे गेलो. तीन रविवार आम्ही ओळ न् ओळ तपासली. मावशी गात होती आणि मी दुरुस्त करत होतो. एका गाण्यापाशी ती थांबली आणि हसली. "हे असं नाही रे, तू चुकीचं ऐकलंस." पंचवीसहून अधिक वर्षे मी जिवापाड जपलेल्या त्या यंत्रात माझी चूकच जपली गेली होती. आणि खरे गाणे चाळीस किलोमीटरच्या आत, मावशीच्या कंठात होते. तिला विचारायला मी गेलोच नव्हतो. आपल्याकडे 'आहे' या समाधानात राहिलो.

संग्रहाचा खरा दोष मला इथे दिसला. वस्तू जागा अडवते हे किरकोळ. वस्तू ठेवली की कर्तव्य केल्यासारखे वाटते, हे गंभीर. मुलीला लॅपटॉप देणे, आईची गाणी तपासणे, ही कामे होती. मी त्यांच्याऐवजी यंत्रे सांभाळत बसलो.

गाण्यांच्या दहा प्रती छापून घरोघरी दिल्या. या कोजागिरीला दोन घरी मुलींनी त्या हातात धरून गाणी म्हटली. जुना संगणक मात्र अजून ओसरीवर आहे. कबाडी सत्तर रुपये देत होता. पण त्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, आणि तारा जाळून तांबे काढतात तो धूर कोणाच्या तरी लेकरांच्याच छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत केंद्रात जायला हवा. नागपूरच्या पुढच्या फेरीत नेईन म्हणतो. 'पुढच्या फेरीत' हे शब्द लिहितानाच माझे मला हसू आले. तेव्हा वाचकहो, तारीख घालूनच टाकतो: भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.