प्रत्येक जीवाचा ठिकाणा



सूरह हूदच्या सहाव्या आयतीचा आशय आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. भूतलावर चालणाऱ्या प्रत्येक जीवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतली आहे, असे तेथे सांगितले आहे. आपण ही आयत बहुधा रोजीच्या संदर्भात वाचतो. पीक गेले, दुकान चालेना, मुलाला नोकरी लागेना, की कोणीतरी तिची आठवण करून देतो. परंतु आयत तेथे थांबत नाही. त्या जीवाचा मुक्काम कोठे आहे आणि तो कोठे सोपवला जातो, हेही अल्लाह जाणतो, असे पुढे येते. ‘मुस्तकर’ आणि ‘मुस्तौदअ’ या दोन शब्दांचे मुफस्सिरांनी वेगवेगळे अर्थ केले आहेत. कोणी त्यांत राहण्याचे व मरणाचे ठिकाण पाहिले, कोणी मातेचे उदर व कबर. सर्व अर्थांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे ठिकाणा. रोजीबरोबर जागेचाही उल्लेख झाला आहे, आणि आज मला त्या जागेविषयीच लिहायचे आहे.

त्यासाठी आपल्याला समुद्रापर्यंत जावे लागेल. आमचे वडनेर भोलजी समुद्रापासून रस्त्याने चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते, एवढाच काय तो आमचा व समुद्राचा संबंध, असे गमतीने म्हणता येईल. परंतु स्पंज हा शब्द आपल्या प्रत्येक घरात आहे. भांडी घासण्याचा जो तुकडा आपण स्पंज म्हणून आणतो, तो बहुधा कारखान्यात बनतो. ज्याच्यावरून त्याला हे नाव मिळाले, तो मात्र एक जिवंत प्राणी आहे. त्याला हृदय नाही, जठर नाही, मेंदू नाही. पिल्लू असताना तो थोडा काळ पाण्यात पोहतो, मग एखाद्या खडकाला चिकटतो, आणि सहसा जन्मभर तेथून हलत नाही. त्याच्या अंगभर सूक्ष्म छिद्रे असतात. आतल्या पेशींचे चाबकासारखे तंतू अखंड हलत राहतात, त्यामुळे पाणी छिद्रांतून आत ओढले जाते, त्यातील जीवाणू व अन्नकण गाळले जातात आणि पाणी मोठ्या तोंडातून बाहेर पडते. आजवर अशा नऊ हजारांपेक्षा अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यावर १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. तेथील खडकांवर प्रवाळांच्या सोबतीने स्पंजही आहेत.

आम्हा हनफी लोकांची समुद्री जीवांविषयीची जिज्ञासा बहुधा एकाच प्रश्नाशी संपते, तो म्हणजे खाणे जायज आहे की नाही. मासळीखेरीज इतर काही आपल्या मसलकात नाही, म्हणून आपण पुस्तक मिटतो. कोकणातील आपले शाफई बांधव या बाबतीत अधिक सुदैवी आहेत, ते असो. मात्र जे ताटात येत नाही त्याच्याकडे पाहूच नये, असे कोणत्याही मसलकात सांगितलेले नाही.

आता या प्राण्याच्या आत डोकावू. १९३२ साली पिअर्स नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञांनी फ्लोरिडाजवळच्या समुद्रातील एका अवाढव्य स्पंजात राहणारे जीव मोजले. ते सतरा हजारांहून अधिक निघाले! त्यांतील सोळा हजारांवर एकाच जातीच्या लहानशा कोळंब्या होत्या. नांगी मिटून टिचकीसारखा आवाज करणारी ही कोळंबी आहे. तिच्याच एका भावकीविषयी १९९६ साली डफी या संशोधकांनी दाखवून दिले, की तिचे सुमारे तीनशेचे कुटुंब एका स्पंजात राहते, त्यात अंडी घालणारी मादी एकच असते आणि इतर मोठ्या कोळंब्या परक्यांपासून घराचे रक्षण करतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ही व्यवस्था समुद्रात तोवर कोणाला आढळली नव्हती.

या कोळंब्यांबरोबर अनेक प्रकारचे कृमी, लहान खेकडे आणि बारीक हातांचे भंगुरतारेही स्पंजात राहतात. त्यांना तेथे काय मिळते? स्पंजाच्या अंगात काचेसारख्या टोकदार काट्या असतात, आणि अनेक जातींत उग्र रसायनेही असतात, म्हणून बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत. आत दडलेला दुबळा जीव त्यामुळे सुरक्षित राहतो. शिवाय स्पंज स्वतःसाठी जे पाणी ओढतो, त्यातूनच या पाहुण्यांना प्राणवायू आणि अन्नाचे कण पोहोचतात. काही भंगुरतारे स्पंजाच्या पृष्ठभागावर साचलेला गाळ खातात, म्हणजे घरमालकाचे अंगण झाडून देतात.

सगळेच पाहुणे असे नसतात. गोड्या पाण्यातही स्पंज असतात. मुंबईच्या तलावांतील स्पंजांचा अभ्यास एच. जे. कार्टर या लष्करी शल्यवैद्यांनी १८४० च्या दशकात केला, आणि त्यांतील एक जात पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नेल्सन अॅनँडेल यांच्या १९११ च्या ग्रंथात भारतातील अशा स्पंजांचे सविस्तर वर्णन आहे. या स्पंजांत एका लहान पंखवाल्या कीटकाची अळी राहते आणि स्पंजालाच टोचून त्याचा रस पिते. ज्या घरात आसरा मिळाला त्याच घराला पोखरणारे तेथेही आहेत!

खोल समुद्रातील काचस्पंजाची हकिकत अनेकांनी ऐकली असेल. कोळंबीची एक जोडी लहानपणी त्याच्या जाळीतून आत शिरते, आत वाढते, आणि मग त्या जाळीतून तिला बाहेर पडता येत नाही. जपानमध्ये हा वाळलेला स्पंज लग्नात भेट देण्याची प्रथा आहे. हे रूपक मला फारसे रुचत नाही. निकाह हा दोघांच्या संमतीचा करार आहे, पिंजरा नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. प्रयोगशाळेतील प्रत्येक नवा शोध कुरआनात आधीच होता, असे सिद्ध करण्याची आपल्या काही बांधवांना फार घाई असते. सूरह हूदच्या आयतीत स्पंज आहे, असे मी म्हणत नाही. तेथील ‘दाब्बह’ हा शब्दच चालणाऱ्या जीवासाठी आहे, आणि स्पंज तर जागचा हलत नाही. कुरआन हा मार्गदर्शनाचा ग्रंथ आहे. तो आपल्याला पाहायला सांगतो. पाहिल्यावर जे दिसते त्याने आयतीचा अर्थ मनात अधिक खोल उतरतो, एवढेच. ज्या जीवाला आपण जीवच मानत नव्हतो, त्याच्या पोटात सोळा हजारांचा ठिकाणा ठरलेला होता, आणि मोजणाऱ्याने मोजण्याआधीही तो अल्लाहच्या ज्ञानात होता.

स्पंजाला इच्छा नाही, म्हणून त्याला पुण्यही नाही. आपल्याला इच्छा दिली आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न आपल्यासाठी हिशेबाचा होतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मोठ्या शहरात गेलेल्या आपल्या मुलांना केवळ नावामुळे खोली नाकारली जाते, याचे दुःख आपल्या अनेक घरांनी सोसले आहे. ते दुःख खरे आहे आणि तो अन्यायच आहे. परंतु आपल्या स्वतःच्या माडीवर जी खोली कुलूपबंद आहे, तिचे काय? आपल्याच मोहल्ल्यात तलाक झालेली बहीण दोन लेकरांसह खोली शोधत फिरते, आणि एकट्या बाईला कशाला ठेवायचे, असे उत्तर तिला मिळते. कापूस वेचायला आलेल्या कुटुंबाला तर जात, बिरादरी आणि गाव विचारल्याशिवाय ओटादेखील मिळत नाही. आपल्या मुलाला जो प्रश्न विचारला गेला, तोच आपण दुसऱ्याच्या मुलाला विचारतो.

सूरह हश्रच्या नवव्या आयतीत अन्सारांची प्रशंसा आहे. स्वतः गरजेत असूनही त्यांनी मुहाजिरांना आपल्यापेक्षा पुढे ठेवले. मदीनेत आल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी काही महिने राहिले. भेटायला येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून प्रेषितांनी (स.) खालचा भाग पसंत केला आणि यजमान वर राहिले. एका रात्री वर पाण्याचे मडके फुटले. पाणी खाली प्रेषितांवर (स.) ठिबकू नये म्हणून अबू अय्यूब आणि त्यांच्या पत्नीने आपल्याजवळची एकुलती एक रजई त्यावर टाकली आणि पाणी टिपून घेतले. ती रात्र त्या दांपत्याने कशी काढली असेल, याचा विचार घरभाड्याचा करार लिहिताना कधीतरी व्हावा.

घर देणाऱ्याचे हक्कही असतात, हे विसरून चालणार नाही. रसायन आणि काट्या नसत्या, तर स्पंजाला माशांनी कधीच संपवले असते. भाडे ठरवावे, मुदत ठरवावी, दोन साक्षीदार घ्यावेत, लेखी करावे. कुरआननेच देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. भाडेकरूनेही घर पोखरणारी अळी होऊ नये. मुदत संपल्यावर खोली अडवून बसणे हा जुलूम आहे आणि तो नमाजीकडून झाला तरी जुलूमच आहे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडाच्या उपसागरात पाणी बिघडले आणि स्पंज मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा त्यांच्या आडोशाने राहणाऱ्या शेवंडांची लहान पिल्ले उघड्यावर पडली. एक घर बुडाले की त्याच्या आधाराने असलेली किती घरे बुडतात, ते बाहेरून दिसत नाही.

जूनमध्ये खेड्यापाड्यांतील मुले-मुली शिकण्यासाठी नांदुरा, मलकापूर, खामगाव येथे येतील. ज्यांच्याकडे एखादी खोली रिकामी असेल, त्यांनी ती कोणत्या भाड्यात आणि किती महिन्यांसाठी देता येईल, हे एका कागदावर लिहून जुम्याच्या नमाजनंतर आपल्या मशिदीच्या इमामांकडे द्यावे. बिरादरीचा रकाना त्या कागदावर ठेवू नये.