पिशवी काढण्याआधी

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न देशभर गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहाजणींमागे एक. त्यातल्या पुष्कळजणी चाळिशीच्याही आतल्या. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः मुकादमाची, उचलीची आणि खाड्याची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पाळीच्या त्रासाने बाई एक दिवस फडात गेली नाही की खाड्याचे पैसे कापले जातात, आणि हंगामाआधी आगाऊ घेतलेली उचल फिटता फिटत नाही. हे सगळं खरं आहे आणि त्यावर बोललं गेलं ते योग्यच झालं. पण पत्रकारांशी, कार्यकर्त्यांशी बोलताना या बायका आणखी एक कारण पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ते कुणी फारसं उचलून धरलं नाही. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल.

या वाक्याला वैद्यकशास्त्राकडे काय उत्तर आहे? उत्तर आहे, आणि ते बीडला लागून असलेल्या जिल्ह्यातच तयार झालं होतं. तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

त्याची मुळं शेजारच्या बार्शीत आहेत. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. शहरात नोंदणी करणं तुलनेने सोपं असतं, कारण रुग्ण दवाखान्यात येतो आणि कागद होतो. खेड्यातला रुग्ण दवाखान्यात येतच नसे, घरातच संपून जाई. म्हणून डॉ. कस्तुरी जयंत यांनी नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव पाठवले. ते लोकांशी बोलत, कोणती लक्षणं दिसली तर थांबू नये ते सांगत, आणि संशयित रुग्णाला बार्शीला यायला तयार करत. थोड्याच वर्षांत असं दिसू लागलं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येत आहेत. कोणतंही नवं यंत्र आलं नव्हतं. नुसतं कुणीतरी घरी जाऊन बोललं होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासासाठी हा परिसर निवडला गेला, त्यामागे या पायपिटीतून साचलेला विश्वास होता.

तो अभ्यास १९९९च्या ऑक्टोबरात सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे त्यात होते. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट केले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका चार भागांत विभागल्या. एका भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात काहीच नाही. त्या चौथ्या भागाकडे पुढे येतो. तपासणी आयुष्यात एकदाच व्हायची होती. जिच्यात दोष निघेल तिची दुर्बिणीतून पाहणी, गरज असल्यास तुकडा काढून तपासणं आणि उपचार, हेही अभ्यासाचाच भाग होते. बोलावलेल्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के बायका आल्या. खेड्यातल्या बायका लाजतात, अशा तपासणीला येत नाहीत, असं सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

निष्कर्ष २००९च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या अवस्थेत पोचलेले कॅन्सरही निम्म्याने घटले. पॅप आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटांत मात्र, एकदाच तपासून, मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही.

या निष्कर्षांची चर्चा बहुधा इथेच थांबते: तपासणीने जीव वाचतात. माझ्या लेखी त्यातली अधिक मोठी गोष्ट पुढे आहे. विषाणू तपासलेल्या बायकांपैकी सुमारे दहा टक्क्यांतच तो सापडला. उरलेल्या नव्वद टक्के, म्हणजे जवळपास चोवीस हजार बायकांचं पुढे काय झालं? आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्यातली एकही या कॅन्सरने गेली नाही. दर लाख बायकांमागे वर्षाला ३.७ जणींना तो झाला. पॅप तपासणीत निर्दोष ठरलेल्यांत हे प्रमाण १५.५ होतं आणि ॲसिटिक ॲसिडच्या पाहणीत निर्दोष ठरलेल्यांत १६. एका नमुन्यावरून बाईला सांगता आलं, की पुढची बरीच वर्षं या आजाराची धास्ती घ्यायचं कारण नाही. धोक्याच्या दहा टक्के बायका शोधणं ही या तपासणीची एक बाजू. नव्वद टक्के बायकांना खात्रीने निर्धास्त करणं ही दुसरी, आणि मराठवाड्याला हिची गरज जास्त होती.

तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यात काय घडतं ते जवळून पाहिलं की हे कळतं. बाई अंगावरून पांढरं जातं म्हणून येते. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीचं कापड धुवायला-वाळवायला जागा नाही. त्यामुळे जंतुसंसर्ग नेहमीचाच, आणि तो बहुतेक वेळा साध्या गोळ्यांनी बरा होणारा. पण सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, पिशवी मोठी झाली आहे, तोंडाला जखम आहे, असं तिला सांगितलं जातं. गर्भाशयमुखावर दिसणारा लालसर भाग पाळी चालू असलेल्या अनेक निरोगी बायकांमध्ये असतो, तो रोग नव्हे. पण ‘जखम’ म्हटलं की पुढचा प्रश्न बाई स्वतःच विचारते: कॅन्सर तर नाही ना? इथे तिला मिळणारं उत्तर प्रामाणिक असायचं तर त्यामागे तपासणी हवी. ती नसते. मग ‘आता नाही, पण होऊ शकतो’ एवढं म्हटलं की पुरतं. दोन-तीन मुलं झालेली असतात, पिशवीचा आता उपयोग काय असं घरातलेही म्हणतात, आणि कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. त्यानंतर कंबरदुखी, अंगातून वाफा, आणि पिशवीबरोबर अंडाशयंही गेली असतील तर ऐन तिशीत हाडांची झीज. तीच बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळ्या उचलायला जाते.

मला असं म्हणायचं आहे की ही फसवणूक केवळ काही डॉक्टरांच्या लोभातून झाली नाही. लोभ होताच, आणि त्याला शिक्षा व्हायला हवी. पण लोभाला लागणारी जागा आपण मोकळी ठेवली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी कधी ना कधी झाली होती. स्तनांची ०.९ टक्के. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायकांना कुणीही उठून कॅन्सरची भीती घालावी आणि त्यांच्याकडे ती खोडून काढणारा कागद नसावा, अशी ही स्थिती. एकीकडे आपण जनजागृती म्हणून कॅन्सरची भीती वाढवत नेली आणि दुसरीकडे ती शमवणारी तपासणी पोचवली नाही. जागृतीची पोस्टरं, महाशिबिरं, फेब्रुवारीतला कॅन्सर दिन, हे सगळं तपासणीवाचून अर्धवट आहे, आणि मराठवाड्यात ते अपायकारकही ठरलं असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २०१६च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्ही कॅन्सरांसाठी तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली. त्यात गर्भाशयमुखासाठी निवडली ती ॲसिटिक ॲसिडची पद्धत. तीन ते पाच टक्क्यांचं द्रावण कापसाच्या बोळ्याने लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. स्वस्त आहे, निकाल जागच्या जागी मिळतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या अभ्यासाने तिचा उपयोगही दाखवला: १,५१,५३८ बायका, थोडक्या शिक्षणाच्या पण नीट तयार केलेल्या कार्यकर्त्या, आणि मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट. पण तिथे त्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी, चार वेळा, त्याच वस्तीत गेल्या होत्या. उस्मानाबादेत हीच पद्धत एकदाच वापरली तेव्हा तेवढी पुरली नाही. जिथे कार्यकर्ती पुन्हा पुन्हा पोचते तिथे ॲसिटिक ॲसिड चालतं. ऊसतोड बाई दसरा-दिवाळीनंतर घर सोडते आणि उन्हाळा लागल्यावर परतते, कधी सांगली-कोल्हापुरात असते, कधी कर्नाटकात. तिच्यापर्यंत दर दोन वर्षांनी कोण पोचणार? तिला एकदाच होणारी आणि बराच काळ टिकणारी तपासणी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली. पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत एकदा ती व्हावी हे २०२०च्या जागतिक धोरणातच आलं होतं. त्या पसंतीमागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायका आहेत.

आता त्या चौथ्या गटाविषयी. ३१,४८८ बायकांची तपासणी मुद्दाम केली नाही, म्हणजे तपासणी झालेल्यांशी तुलना करता यावी. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगल इथल्या अशाच तिन्ही अभ्यासांत मिळून तपासणी न झालेल्या १,३८,६२४ बायकांपैकी २५४ जणी या कॅन्सरने गेल्या. एरिक सुबा या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने हा प्रश्न लावून धरला: पॅप तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत कधीच सिद्ध झालं असताना, बायकांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणं नैतिक आहे का? संशोधकांचं म्हणणं असं, की त्या भागात अशी तपासणी अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलं नाही. आणि तुलनेशिवाय कोणती पद्धत आपल्याकडे चालते हे कळलंच नसतं. उस्मानाबादेत पॅप तपासणी एकदा करून पुरली नाही, हे पाहता त्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही माझं मन त्यावर थांबत नाही. गावात आधी काहीच नव्हतं, हा त्या बायकांचा दोष नव्हता. आणि इतरांना पुढे फायदा होईल म्हणून हे केलं, असं म्हणायचं तर तो फायदा इतरांना झाला पाहिजे. उत्तर मिळून दहा वर्षं झाल्यावर शेजारच्याच जिल्ह्यात हजारो बायका कॅन्सरच्या भीतीने पिशव्या काढून घेत असतील, तर त्या ६४ मृत्यूंचं समर्थन दरवर्षी कठीण होत जातं. ते देणं संशोधकांचं नाही. ते सरकारचं आणि आपलं आहे.

अडचणी खऱ्या आहेत. एचपीव्ही तपासणी महाग होती आणि प्रयोगशाळा लागत होती. पण गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रं क्षयाच्या निदानासाठी कितीतरी आरोग्य केंद्रांत बसलेली आहेत, आणि त्यांच्यावर चालणारी एचपीव्हीची चिप आता उपलब्ध आहे. पुण्याच्या मायलॅबनेही तपासणीचा संच बनवला आहे. नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, त्यामुळे टेबलावर झोपण्याचा संकोचही टळतो. आशाताई पिशवीतून काडी आणि नळी घेऊन घरी जाऊ शकते. खरी कसोटी त्यानंतर आहे. ज्या दहा टक्क्यांत विषाणू निघेल त्यांना हा कॅन्सर नव्हे, बहुतेक वेळा शरीर तो आपणच घालवतं, हे नीट समजावणारं कुणी हवं. नाहीतर त्यांनाच पकडून पिशवी काढायला नेलं जाईल. नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेण्याचं कारण नाही, विषाणू संबंधातून येत असला तरी वर्षानुवर्षं निमूट राहू शकतो, हेही सांगावं लागेल. आणि पूर्वकर्करोगाचा डाग निघाला तर तो गोठवून किंवा तापवून नष्ट करण्याचं साधन ग्रामीण रुग्णालयात हवं, जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे. बार्शीच्या लोकांनी ही साखळी तुटू दिली नव्हती म्हणून ते निकाल आले.

मुलींच्या एचपीव्ही लशीचा मार्ग वेगळा आणि अधिक आशादायक आहे. तिचा एकच डोस पुरतो, या निष्कर्षाला बळ देणारा मोठा भारतीय पुरावाही बार्शी, पुणे, मुंबई अशा केंद्रांतल्या मुलींकडून आला. २०१० साली सरकारने लशीच्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता, आणि पुढे त्या दोन-तीन डोस घेतलेल्यांइतक्याच सुरक्षित दिसल्या. पण आज फडात असलेल्या आईला लस उपयोगाची नाही. तिला तपासणीच हवी.

ही तपासणी फक्त गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविषयी बोलते, हे विसरून चालणार नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, तर निकाल काहीही असो, डॉक्टरांनी तपासलंच पाहिजे. आणि काही बायकांना पिशवी काढण्याची खरोखरच गरज असते, त्यांना अडवण्याचंही कारण नाही.

२०१९च्या गदारोळानंतर बीड जिल्ह्यात पिशवी काढण्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. तो नियम ठेवावा, सगळ्या मराठवाड्याला लावावा. त्या परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: एचपीव्ही तपासणी कधी झाली, निकाल काय आला. कारण म्हणून कॅन्सरची भीती लिहिलेली असेल आणि हा रकाना कोरा असेल, तर अर्ज परत पाठवावा, आणि तपासणी त्याच आठवड्यात सरकारी खर्चाने व्हावी. नमुने पावसाळ्यात घ्यावेत, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी निकाल हातात येतील आणि ज्यांना उपचार हवेत त्यांचे उपचार उरकतील. निकालाचा कागद बाईच्या नावाने, मराठीत, तिच्याकडे राहील असा असावा, म्हणजे पुढच्या हंगामात सांगलीतला एखादा डॉक्टर पिशवी काढायला सांगू लागला तर तिला तो पुढे करता येईल.