अखेरची सात मिनिटे

कोणतीही हकीकत सांगायला बसले की ऐकणारा मध्येच विचारतो, "बरे, पण शेवटी काय झाले?" कादंबरी लिहिणाऱ्याला हा प्रश्न पुष्कळदा ऐकावा लागतो आणि शाळेत शिकवणाऱ्याला तर रोजच. मुलगा वर्षभरात काय शिकला, हे विचारणारे पालक क्वचित भेटतात. निकाल काय लागला, हे सगळेच विचारतात. त्यात त्यांचा दोष नाही. माणसाच्या मनाला शेवटाची ओढच मोठी. तोंडाशी आलेला घास निसटला की आधी खाल्लेल्या घासांची चवदेखील आपण विसरून जातो.

पण शेवटाला एवढा अधिकार दिला कोणी? वर्षभर केलेल्या कष्टांची किंमत वर्षाच्या अखेरच्या सात मिनिटांनी ठरवावी, हे न्यायाचे आहे काय? असला प्रश्न हवेत सोडवू गेले तर हाती वाराच लागतो. म्हणून तो एका प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीच्या आधाराने तपासून पाहावा म्हणतो. गोष्ट आहे स्कॉटलंडमधल्या एका फुटबॉल संघाची. ज्या वाचकांना, आणि विशेषतः वाचक भगिनींना, फुटबॉलमध्ये गोडी नसेल त्यांनी एवढ्यावरून पान उलटू नये. तेव्हाच्या हिशेबात सामना जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली की एक, हरला की शून्य. इतके ठाऊक असले की पुढचे सारे समजेल.

एडिंबरो शहराच्या जुन्या भागात फरसबंदीवर रंगीत दगडांनी बसवलेली एक हृदयाची आकृती आहे. पूर्वी तेथे तुरुंग होता. आसपासच्या प्रांताचे नाव मिडलोथियन, म्हणून लोक त्या तुरुंगाला 'हार्ट ऑफ मिडलोथियन', म्हणजे मिडलोथियनचे हृदय, म्हणत. तुरुंग १८१७ साली पाडला गेला. दुसऱ्याच वर्षी वॉल्टर स्कॉटने त्याच नावाची कादंबरी लिहून ते नाव अजरामर केले. येणारेजाणारे त्या दगडी हृदयावर थुंकतात. आज तसे करणे शुभ मानतात! १८७४ साली शहरात निघालेल्या एका फुटबॉल संघाने हेच नाव आणि पुढे हेच हृदय आपले चिन्ह म्हणून घेतले. लोक त्याला लाडाने नुसते 'हार्ट्‌स' म्हणतात. ज्याने आपल्या छातीवर हृदयच लावून घेतले आहे, त्याचे ते केव्हातरी फुटणारच, असे कोणी म्हणेल.

१९८५ च्या ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा या संघाने साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवल्याला २५ वर्षे उलटली होती. मधल्या काळात खालच्या वर्गात उतरण्याची नामुष्कीही त्याच्या वाट्याला आली होती. १९८३ मध्ये तो पुन्हा वर चढून आला होता. ॲलेक्स मॅकडोनाल्ड त्याचा व्यवस्थापक आणि सँडी जार्डिन त्याचा सहकारी. हे दोघेही ग्लासगोच्या रेंजर्स संघातून आलेले, नाणावलेले खेळाडू. जार्डिन तर पस्तिशी उलटून गेल्यावरही रोज तरुण पोरांच्या बरोबरीने मैदानावर उतरत होता.

आरंभ फार वाईट झाला. पहिल्या सामन्यात सेल्टिकविरुद्ध आघाडी घेतली. पण सामना संपत आला असता पॉल मॅकस्टेने गोल करून बरोबरी साधली. हा गोल वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे. दुसऱ्या सामन्यात सेंट मिरेनने तब्बल सहा गोल चढवले. सप्टेंबर संपता संपता क्लाइडबँकसारख्या लहानशा संघाकडूनही हार खाल्ली. पहिल्या आठ सामन्यांत पाच पराभव! या संघावर कोणी पैज लावली असती तर त्याला वेड्यातच काढले असते.

आणि मग काय झाले कोण जाणे, हा संघ हरायचाच विसरला. ऑक्टोबर गेला, नाताळ गेला, बर्फाचे दिवस गेले, वसंत आला. हार्ट्‌स हरत नव्हते. एक नाही, दोन नाही, साखळीतले ओळीने २७ सामने. जॉन रॉबर्टसन गोल करीत होता, क्रेग लेव्हिन बचाव राखीत होता आणि म्हातारा जार्डिन सगळ्यांना सांभाळून नेत होता. एप्रिलच्या अखेरीस त्याच क्लाइडबँकवर एका गोलाने विजय मिळाला. तो गोल गॅरी मॅकेचा. आता एकच सामना उरला होता. हार्ट्‌सचे ५० गुण, सेल्टिकचे ४८. डंडी शहरी जाऊन नुसती बरोबरी केली तरी विजेतेपद घरी येणार होते.

३ मे १९८६ चा तो शनिवार. त्याच आठवड्यात संघात आजाराची साथ पसरली. लेव्हिनला तर खेळताच आले नाही. तिकडे पेस्ली गावी सेल्टिक सेंट मिरेनशी खेळत होते. मध्यंतरापर्यंतच त्यांनी चार गोल केले, पुढे पाचवाही केला. ही बातमी डंडीच्या मैदानात प्रेक्षकांच्या रेडिओंवरून पसरली. तरीही चिंतेचे कारण नव्हते; इकडे गोलफलक कोराच होता आणि कोरा फलकच हार्ट्‌सला हवा होता.

८३ व्या मिनिटाला कोपऱ्यावरून आलेला चेंडू डंडीच्या अल्बर्ट किडकडे गेला आणि त्याने तो गोलात मारला. हा किड बदली खेळाडू म्हणून उतरलेला. साऱ्या हंगामात साखळीत त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. चारएक मिनिटांनी त्यानेच दुसराही गोल केला. सामना संपला. दोन्ही संघांचे गुण ५०. दोघांचेही २० विजय, १० बरोबऱ्या आणि ६ पराभव. मग केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांची वजाबाकी झाली. सेल्टिकची उरली २९, हार्ट्‌सची २६. विजेतेपद सेल्टिकला गेले. डंडीच्या पायऱ्यांवर मोठमोठे बाप्ये लहान पोरांसारखे रडत बसले. आठच दिवसांनी चषकाच्या अंतिम सामन्यात ॲलेक्स फर्ग्युसनच्या ॲबर्डीन संघाने याच मुलांना तीन गोलांनी हरवले. कर्णधार वॉल्टर किड याला तर पंचांनी मैदानाबाहेर काढले. आठ दिवसांत दोन ताटे समोरून उचलली गेली.

आता विचारू या, या वर्षाची किंमत काय?

एक उत्तर तयार आहे : शून्य. चषक नाही तर काही नाही. दुसरे उत्तरही तितकेच तयार आहे, आणि आपल्याकडे ते फार आवडते : फळाची आशा कशाला? कर्तव्य केले, भरून पावले. मला हे दुसरे उत्तर पहिल्याहून बरे वाटत असले तरी त्याच्यावर माझा पुरता विश्वास नाही. कारण ते सहसा हरणारा स्वतःला देत नाही. ज्याचे काही गेलेले नाही असा शेजारी ते त्याला देतो. त्या मुलांना चषक हवा होता. हवा होता म्हणून तर ती नऊ महिने जिवाच्या कराराने धावली. फळाची इच्छाच नव्हती असे त्यांना सांगणे म्हणजे त्यांच्या श्रमाचाच अपमान आहे.

तेव्हा फळाला तुच्छ न लेखता पाहू की ते मापले कसे जाते. येथे एक मौज आहे. हेच हार्ट्‌स १९६५ सालीही अगदी अखेरच्या दिवशी, आपल्याच मैदानावर, किलमार्नकशी दोन गोलांनी हरून विजेतेपदाला मुकले होते. तेव्हाही गुण समसमान होते. पण त्या काळी वजाबाकी करीत नसत, भागाकार करीत. हार्ट्‌सनी ९० गोल करून ४९ खाल्ले होते, किलमार्नकने ६२ करून ३३. भागाकारात किलमार्नक १.८८ आणि हार्ट्‌स १.८४. वजाबाकी केली असती तर हार्ट्‌स ४१ आणि किलमार्नक २९! पुढे नियम बदलला. भागाकार गेला, वजाबाकी आली. १९८६ मध्ये वजाबाकीने हार्ट्‌स हरले. आणि जुना भागाकार केला असता तर? सेल्टिकचे ६७ भागिले ३८, म्हणजे १.७६. हार्ट्‌सचे ५९ भागिले ३३, म्हणजे १.७९. हार्ट्‌स विजेते!

यावरून कोणी म्हणेल की सारा अन्यायच. मी तसे म्हणत नाही. नियम आधी ठरला होता, सर्वांना ठाऊक होता, आणि सेल्टिकने आपले गोल घाम गाळूनच केले होते. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. आमच्या शाळेतही ३५ गुणांना उत्तीर्ण आणि ३४ ला अनुत्तीर्ण अशी रेघ ओढतो; न ओढून चालणार नाही. पण रेघेने एवढेच सांगितले की चषक कोणाच्या कपाटात ठेवायचा. ते वर्ष कसे होते, हे तिने सांगितलेले नाही. तिला ते विचारलेलेही नव्हते. आपण मात्र वजाबाकीचे उत्तर घेऊन त्यालाच माणसांची किंमत म्हणतो.

आता त्या पहिल्या सामन्यातल्या गोलाकडे येऊ. मॅकस्टेचा तो गोल झाला नसता आणि बाकी सर्व जसेच्या तसे घडले असते असे धरले, तर हार्ट्‌सचे ५१ गुण झाले असते आणि सेल्टिकचे ४९. मग किडने डंडीत दोनच काय, दहा गोल केले असते तरी काही बिघडत नव्हते. म्हणजे विजेतेपद मे महिन्यात गेले तितकेच ते आदल्या ऑगस्टमध्येही गेले होते. पण ऑगस्टमध्ये कोणी रडले नाही. किडच्या त्या सात मिनिटांचे वजन इतर कोणत्याही सात मिनिटांहून रतीभरही जास्त नव्हते. ती अखेरची होती, इतकेच. आणि तेव्हा सगळे जग टक लावून पाहत होते.

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. शिल्लक शेवटच्या ओळीत लिहिली जाते. पण ती शेवटच्या ओळीने झालेली नसते. वर्षभराच्या साऱ्या ओळींनी मिळून ती घडवलेली असते. नुकसान आले म्हणून आदल्या दिवशीचे गिऱ्हाईक अपशकुनी ठरवणाऱ्या दुकानदाराला आपण हसू. घरात मात्र आपण हेच करीत असतो. मुलगा नापास झाला की परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा लवकर मालवला तो दोषी. लग्न फिसकटले की शेवटचे बोलणे जिच्या तोंडून निघाले ती मावशी दोषी. माणूस दगावला की रात्री उशाशी बसलेला दोषी. शेवटी जो हाती सापडतो त्याच्या माथी आपण साऱ्या वर्षाचे ओझे ठेवतो. यात अज्ञान तर आहेच, पण मला अधिक बोचतो तो त्यातला निर्दयपणा.

आणि यशाचेही तेच. त्या दिवसापासून अल्बर्ट किड सेल्टिकच्या लोकांचा लाडका झाला. तो स्वतः लहानपणापासून सेल्टिकचा चाहता होता म्हणे. पण ज्या डंडीसाठी त्याने ते गोल केले, तिला काय मिळाले? युरोपातील स्पर्धेत जाण्याची तिची आशा होती. रेंजर्स आणि डंडी यांचे गुण समान झाले, आणि त्याच वजाबाकीने जागा रेंजर्सना मिळाली. एकाच गोलाने एका गावाला रडवले, दुसऱ्याला नाचवले आणि ज्या गावात तो झाला त्याला रिकाम्या हाती घरी पाठवले. शेवट म्हणून ज्याच्यापुढे आपण हात जोडतो, तो पाहावा तिथून निराळा दिसतो.

त्या वर्षी स्कॉटलंडच्या फुटबॉल लेखकांनी सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून ३७ वर्षांच्या जार्डिनचे नाव घेतले. मोठे दोन्ही चषक हुकलेल्या संघातला माणूस निवडताना त्यांनी शेवटची ओळ वाचली नाही, सारी वही वाचली. हार्ट्‌सना चषक मिळायला १९९८ साल उजाडावे लागले. गॅरी मॅके सतराएक वर्षे या संघासाठी खेळला, संघाच्या इतिहासात त्याच्याहून अधिक सामने कोणी खेळलेले नव्हते. आणि तो संघ सोडून गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी तो चषक आला. त्याच्या वाट्याला मोठे पदक एकही नाही. त्याची सतरा वर्षे फुकट गेली असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्याला काहीच वाटले नसेल असेही मी म्हणणार नाही.

कोणी विचारील, मग हरणाऱ्याने दुःख करू नये काय? अवश्य करावे. डंडीच्या पायऱ्यांवर जे रडले ते वेडे नव्हते. दुःख झाल्याशिवाय हे वर्ष आपले होते हे माणसाला पुरते कळत नाही. ते वर्ष खरोखरच शून्य असते तर त्याच्यासाठी रडायला कोण थांबले असते? लोक सामना संपताच छत्र्या उचलून मुकाट्याने घरी गेले असते. तेव्हा असे रडणारे माणूस आपल्या घरात भेटले, तर फळाची आशा धरू नये हे त्याला लगेच ऐकवू नये, आणि "शेवटी काय झाले" हेही पुन्हा विचारू नये. त्याच्याजवळ बसून, ऑक्टोबरपासून काय काय झाले, ते सांगायला सांगावे. सांगता सांगता त्यालाच आठवेल की मधल्या २७ सामन्यांत आपण हरलो नव्हतो.